निर्णय जवाईबापू घेतील

३ जानेवारी २००२, गुरुवार. संध्याकाळी ७

साळ्याले कलकत्त्याहून पत्र आलं. साळा म्हणजे भार्गव, वनमालाचा धाकटा भाऊ. वय एकोणीस, बी.कॉम. सेकंड इयर, कॉलेजसाठी दोन वर्षांपासून आमच्या बूढ़ापाऱ्यातल्या घरी मुक्काम. कलकत्त्याचा एक मोठा फुटबॉल क्लब त्याले म्हणून राहिला, कॉलेज सोड, तीन वर्षांचा करार कर, एक फेब्रुवारीले हजर हो.

शहराबाहेरच्या बीरगांवहून सासरे श्यामराव कंपनीची ड्यूटी सोडून धावत आले. मग सासरे हात जोडून म्हणाले, जवाईबापू, तुम्ही म्हणाल तसं. पाहा! आख्ख्या खानदानात डोकं एकालाच आहे, हे म्हाताऱ्याले कळते. मी विचार करायले पंधरा दिवस मागितले. मी स्वतः कॉलेजच्या टीममध्ये होतो. नोकरीसाठी खेळ सोडला, नाहीतर आज कुठच्या कुठं असतो.

मी पोट्ट्यावर जळत नाही. लिहून ठेवतो, पुढं कामी पडेल.

४ जानेवारी

कागदावर दोन रकाने केले. जाऊ नये: डिग्री राहील, गुडघा मोडेल, परका मुलूख, दमट हवा, तीन वर्षांनी कुत्रं विचारणार नाही. जावं: (विचार चालू आहे.)

६ जानेवारी, रविवार

पंडरीच्या कापड बाजारातून रिक्षा केली. बूढ़ापारा, तलावामागची गल्ली, असं सांगतलं. रिक्षावाला म्हणे, अच्छा, भार्गव भैया का घर. अकरा वर्षांपासून घराचं भाडं मी भरून राहिलो! रागानं दोन घरं अगोदरच उतरलो.

घरी वनमाला त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळून देत होती. माझी कंबर दिवाळीपासून धरली आहे, ते कोणाले दिसत नाही. दुधावरची साय पण त्यालेच. मी म्हटलं, द्या त्याले, मले नाही आवडत. आता आवडत नाही म्हटल्यावर मागता पण येत नाही.

उद्यापासून पाचले उठणार. तलावाले तीन चकरा. अडतीस म्हणजे काही वय नाही.

७ जानेवारी

थंडी फार होती. उद्यापासून.

८ जानेवारी. सकाळी ६.४०

धावलो. अर्धी चक्कर झाली, तिथं गरम जिलबी निघून राहिली होती. भार्गव मागून आला, त्याची पाचवी चक्कर. थांबला आणि विचारलं, जीजाजी, रिक्षा बुला दूँ? मराठी सगळी समजते याले, पण उत्तर हिंदीतच. चांगल्या मनानं विचारलं म्हणून जास्त राग आला.

१० जानेवारी, गुरुवार

आज प्लॅन पक्का होता. पोट्ट्याले नत्थूकडे नेलं. नत्थू माझ्या कॉलेजचा, मले सीनियर. याच वयात शिक्षण सोडून बाहेरच्या क्लबात गेला, दुसऱ्याच सीझनले पाय मोडला, आता पंडरीत ठोक कापडाच्या दुकानात तागे उलगडून दाखवते. लंगडते. म्हटलं, डोळ्यानं पाहील तर डोकं ठिकाणावर येईल.

नत्थू तर सुरूच झाला ना बाप्पा! अमुक मॅच, तमुक गोल, वीस हजार पब्लिक. दुकानातच मोडक्या पायानं किक मारून दाखवली. दोन गिऱ्हाईकं तशीच निघून गेली. भार्गव तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मी मधेच म्हटलं, पण पायाचं काय, पाय सांग ना. तर म्हणे, दुसरा पण मोडला असता तरी गेलो असतो. वरून भार्गवले फुकटात पँटपीस. मले नाही.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. गोड बोललो दिवसभर. जबडा दुखून राहिला.

१५ जानेवारी, मंगळवार

हुकमी पत्ता काढला. भार्गवले ऑफिस दाखवायले नेलं. सरकारी नोकरी म्हणजे काय, ते एकदा दिसलं पाहिजे.

नवं राज्य होऊन सव्वा वर्ष झालं, तरी जुन्या राजधानीतून, भोपाळहून आलेले फायलींचे गठ्ठे अजून सुटले नाहीत. त्यातल्याच एका गठ्ठ्यावर त्याले बसवलं. साडेदहापासून एकेक गोष्ट समजावली. हे टेबल, हा पंखा (उन्हाळ्यात फिरते), ही पेन्शन. इथून कोणी तुले टीमबाहेर काढू शकत नाही. मग एक पत्र लिहिलं, ऑक्टोबरात लिहिलेल्या पत्राचं काय झालं म्हणून विचारणारं. त्याले वाचून दाखवलं. शेजारचा शालिग्राम मधेमधे मान डोलवत हव, हव करून जोर देत होता.

तीन वाजता साहेब आले. सव्वा वर्षात या खोलीत पहिल्यांदा. मी उभा राहिलो. साहेब सरळ भार्गवकडे! पेपरात फोटो पाहिला होता म्हणे. हात मिळवला, लेकासाठी सही मागितली, कागद नव्हता तर माझ्या नोटशीटवर घेतली. बसायले खुर्ची दिली. माझी. मग मले विचारलं, आप कौन? भार्गवनं सांगतलं, हमारे जीजाजी हैं.

पोट्टा घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. फार इम्प्रेस झालेला दिसते.

१७ जानेवारी, गुरुवार

निकाल दिला. सासरे, वनमाला, भार्गव समोर. पाऊण तास बोललो. अगोदर डिग्री, मग फुटबॉल. क्लबले गरज असेल तर थांबेल. सासरे खाली पाहून म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं जवाईबापू. वनमाला पोळ्या करायले उठली. भार्गवनं मान हलवली. एवढं सोपं! ऐकतात लोकं, सांगणारा पाहिजे.

जेवताना साय मागून घेतली.

१८ जानेवारी, शुक्रवार

घात झाला. साहेबांनी स्वतःहून केबिनमध्ये बोलावलं. साळा थांबून राहिला हे ऐकून खूश. म्हणाले, डिग्री होऊ द्या, खेळाडू कोट्यातून इथंच घेऊ, तुमच्याच सेक्शनवर इन्स्पेक्टर. आपको भी आराम रहेगा.

म्हणजे मी सहायक ग्रेड-दोन, फाईल घेऊन साळ्यासमोर उभा! आणि तो हिंदीत म्हणणार, जीजाजी, स्पेलिंग देखिए. घरी साय, ऑफिसात सही. चहा पण गेला नाही.

२० जानेवारी, रविवार

सासऱ्यांना परत बोलावलं. निकाल फिरवला. म्हटलं, खोल विचार केला, खेळाडूचं वय थांबत नाही, डिग्री काय पत्रानं पण होते. पोट्ट्यानं गेलंच पाहिजे, लवकरात लवकर. सासऱ्यांच्या डोळ्यात पाणी आलं. वनमालानं पहिल्यांदा माझ्या कंबरेले तेल लावून दिलं. मोठ्या मनाचा माणूस असण्यात पण मजा आहे.

२१ जानेवारी, सोमवार

सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालो. क्लबले होकाराचं पत्र माझ्या हातानं रजिस्टर्ड करायचं होतं. वनमालाले म्हटलं, कागद दे. ती कणीक मळत होती. म्हणे, ते गेलं ना, चार तारखेलेच.

कोणत्या चार तारखेले, असं मी विचारलं.

याच महिन्याच्या म्हणे. बाबानं सही केली, मी पोस्टात टाकून आली. तिकीट पण तेव्हाच काढलं.

म्हटलं, मग मले काहून विचारलं?

तर म्हणाली, अहो, जवायाले विचारल्याशिवाय कोणी काही करते का? लग्नाची तारीख पण विचारतात, ठरल्यावर. बाबा तर सतरा तारखेपासून झोपले नाहीत, तुमचा शब्द कसा मोडावा म्हणून. बरं झालं, तुम्हीच फिरवलं.

शर्ट बदलला. रजा टाकली होती, तीही वाया गेली.

२९ जानेवारी, मंगळवार

भार्गव गेला. गल्लीतल्या पोरांनी बॅगा उचलल्या, बायांनी ओवाळलं. पाया पडला आणि मले बाजूले घेतलं. पहिल्यांदा मराठीत बोलला, मोडकंतोडकं. विचारलं, भाऊजी, तुमाले बोलावलं असतं तर तुम्ही गेले असते का? खरं सांगा.

मी म्हटलं, बावा, मी अगोदर डिग्री पाहिली असती, प्रॉव्हिडंट फंड पाहिला असता, चार माणसांना विचारलं असतं.

तो हो म्हणाला आणि रिक्षात बसला.

खोटं बोललो. मी खेळ नोकरीसाठी नाही सोडला. तीन वर्षं टीमच्या बाकावर बसून होतो, एकदा पण आत घेतलं नाही. जळतो मी त्याच्यावर, दोन वर्षांपासून जळून राहिलो. मले कोणी बोलावलं असतं ना, कलकत्ता सोडा, बीरगांवच्या टीमनं जरी बोलावलं असतं, तर अनवाणी गेलो असतो.