काउंटरवरची माझी जागा

माननीय व्यवस्थापक साहेब,

शनिवारी बाजारात ज्याने चाकू चालवला, तो आमच्यासारखाच परदेशातून आलेला निघाला. तेवढ्यावरून काल आपल्या औषधांच्या दुकानात एक गिऱ्हाईक माझ्यावर ओरडलं, "तुम्ही सगळे सारखेच! हिच्या हातचं औषध मला नको." तुम्ही त्याची माफी मागितलीत आणि मला मागे गोदामात पाठवलंत. "तुझ्याच भल्यासाठी," म्हणालात. मी चक्क "थँक यू" म्हणाले, याची मला अजून लाज वाटतेय.

त्याची औषधं गोदामात मीच भरली, दोनदा तपासून. त्यातल्या दोन गोळ्या एकत्र घेणं त्याच्या जिवावर बेतलं असतं. मी डॉक्टरांना फोन करून एक बदलून घेतली. तुम्ही ती पिशवी हसत त्याच्या हातात दिलीत.

बाबा बस चालवतात. त्यांनी कोटावरचा नावाचा बिल्ला काढून ठेवलाय. म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर नको, पोरी. घरात पहिली तू शिकलीस, नोकरी घालवू नकोस. हे पत्र पाठवणार नाहीस, अशी शपथ घे." मी घेतली.

आई भाजी चिरता चिरता कडाडली, "चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तुम्ही संन्याशालाच गप्प बसवा!"

शपथ मी मोडत नाही, पत्र पाठवणार नाही. पण काउंटरवर उभं राहू नको, अशी शपथ कुणी घातलेली नाही. सोमवारी तो पुढच्या गोळ्या न्यायला येईल. मीच देईन, आणि कोणती कधी घ्यायची ते नीट समजावून सांगेन. त्याला भीती वाटत असेल, तर गोदामात त्याला बसवा.

आपली,
दुकानातली फार्मासिस्ट