नुसतं वाचल्यानं

१४ जुलै, रविवार

लाडक्या ताईस,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि गच्चीतली तुझी रोपं, या तिघांची खुशाली कळव. मी बरी आहे. डोळ्यांना नवा चष्मा लागलाय, तरी ओळी थोड्या उतरतात. शाळेतल्या सिस्टरांनी हा कागद पाहिला असता तर समास आखून पुन्हा लिहायला लावला असता.

तुला लॅबमागची ती फ्रिजची खोली आठवते का गं? रक्ताचे नमुने एका बाजूला, आपण दोघी दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एकच कॉम्प्युटर. एकदा दुपारी तू बशीतून चहा पिता पिता मला वय विचारलंस. मी सांगितलं. तू पुन्हा विचारलंस. मला वाटलं, तुझं लक्ष नव्हतं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा मी वैतागून म्हणाले, "ताई, तुझा चहा संपेपर्यंत वाढणार आहे का ते?"

"हेच," तू म्हणालीस. "प्रोग्राममधली प्रॉपर्टी अशी असावी. कितीदाही विचारा, उत्तर तेच, तेही लगेच, आणि विचारल्यामुळे कुणाचं काही सांडत नाही."

आपल्या धंद्यातली इतकी साधी शिकवण मला नंतर कुठल्या जाडजूड पुस्तकात मिळाली नाही. गेली कित्येक वर्षं मी नव्या मुलांना तेच सांगते. प्रॉपर्टी बाहेरून नुसत्या पाटीसारखी दिसते. पेशंटचं नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, तसंच वय वाचलं. वय आत कुठं लिहिलेलं नसतं, जन्मतारखेवरून त्या क्षणी काढून दिलेलं असतं, पण वाचणाऱ्याला त्याच्याशी काय करायचंय? इतपत आतलं काम झाकायला प्रॉपर्टी उत्तम. मात्र महिन्याभराचा अहवाल काढायला मशीनला पाऊण मिनिट लागत असेल, तर त्याला प्रॉपर्टी करायचं नाही, सरळ फंक्शन लिहायचं. "माणसाला आधी कळू दे की तो काम सांगतोय, मग तो थांबेल," असं तू म्हणायचीस. आणि जिथं विचारल्यानं आतलं काही बदलतं, तिथं तर प्रॉपर्टीचं नावही काढायचं नाही.

मुलं विचारतात, मॅडम, हे कुठं शिकलात? मी सांगते, माझ्या ताईकडून. त्यांना वाटतं सख्खी बहीण असणार. मी वाटू देते.

तुझी ठकी छान रुळली आहे. तिला आमच्याकडे नोकरीला लागून पाच महिने झाले. लहानपणी तू तिला ऑफिसात आणायचीस तेव्हा माझ्या टेबलाखाली बसून रद्दी कागदावर रेघोट्या ओढायची, तीच आता माझ्या कोडमध्ये तांबड्या रेघा ओढते. तेही नम्रपणे. "मावशी, हे चालतंय, पण उद्या कुणी वाचलं तर?" अगदी तुझा आवाज. हसू येतं, आणि मी ती ओळ दुरुस्त करायला घेते.

आता इतकं लिहून झालं, आणि लिहायचं ते अजून लिहिलेलंच नाही. वयाची ती गोष्ट त्या सकाळनंतरच्या आठवड्यातली. तू त्या सकाळचं नावही न घेता मला शिकवलंस. मीही नाव घेतलं नाही. तेव्हापासून नाहीच घेतलं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा माझ्या हातानं लिहू दे.

मशीनमधून तपासण्यांचे निकाल ट्रेच्या क्रमानं यायचे आणि आपला प्रोग्राम रांगेतला पुढचा पेशंट घेऊन एकेक निकाल त्याच्या नावावर टाकायचा. तो भाग माझा होता. मी 'पुढचा नमुना' अशी प्रॉपर्टी केली होती. दिसायला पाटी, पण वाचली की तो पेशंट रांगेतून काढलाच जायचा. मला त्या वेळी ते फार हुशारीचं वाटलं होतं. एका ओळीत दोन कामं.

लॅबवाल्या काकूंची नजर अधू. ट्रे लावताना पहिल्या पेशंटचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावं, म्हणजे नळीवरच्या चिठ्ठीशी ताडून बघता येईल, असं त्यांनी तुला सांगितलं. चूक होऊ नये म्हणूनच की. तू एक ओळ घातलीस: 'पुढचा नमुना' वाच आणि त्याचं नाव दाखव. नाव दिसलं. पण पेशंट रांगेतून गेला. पहिल्याचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर पडला, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, असं शेवटपर्यंत. शेवटी एक रिपोर्ट उरला, त्याला माणूसच नव्हतं. तोवर बाकीचे खिडकीतून वाटून झाले होते. एका सुताराला न झालेल्या काविळीपायी खाटेवर झोपवलं होतं, आणि जिला खरंच कावीळ होती ती शिवणकाम करणारी बाई घरी गेली होती.

तू पडद्याकडे पाहिलंस, माझा कोड उघडलास, आणि मिनिटभरात तुला कळलं. रिक्षा करून त्या बाईच्या घरी गेलीस आणि तिला हाताला धरून परत आणलंस. वाटेत तिची शिलाईची पिशवीही तूच उचलली होतीस. असं कोण करतं गं? मी इकडे बारा रिपोर्ट पुन्हा छापत होते.

दुपारी साहेबांनी दोघींना बोलावलं. नवी ओळ कुणाची, एवढंच विचारलं.

"माझी," तू म्हणालीस.

ते खोटं नव्हतं. म्हणूनच मला गप्प राहणं सोपं गेलं. मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मला नोकरीत कायम व्हायला तीन महिने होते, बाबा अंथरुणाला खिळलेले, घरात मिळवती मी एकटी. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीही माझ्या उपयोगाचं नाही. जिन्यात तू म्हणालीस, "तू लिहिलंस ते चुकलंच. पण आत काय चाललंय ते न बघता मी वापरलं, तेवढं माझंही चुकलं. आधी कायम हो. मग बघू."

मी कायम झाले. मग कुणी काही बघितलं नाही. बढतीची जागा तुझ्याऐवजी दुसऱ्याला मिळाली, दोन वर्षांनी तू गाव बदललंस, आणि मी वर्षातून एकदा शुभेच्छापत्र पाठवत राहिले. त्यात मजकूर छापीलच असतो, त्याचं फार बरं वाटायचं.

आता आजचं. जुना प्रोग्राम बंद होतोय. त्याच्या चुकांची नोंदवही नवीन जागी न्यायचं काम ठकीकडे आलं. तिनं त्या सकाळचं पान वाचलं: कारण, अमुक बाईंनी परस्पर घातलेली ओळ. येत्या गुरुवारी तिला नव्या मुलांसमोर बोलायचंय, प्रॉपर्टी कधी करावी आणि कधी करू नये यावर. तिनं उदाहरण म्हणून तेच घेतलं. तुझ्या नावासकट. टिपणं तपासायला माझ्याकडे आणली आणि म्हणाली, "आईची असली म्हणून काय झालं? चूक ती चूक. लपवायची कशाला?"

बघ, कशी पोर वाढवली आहेस.

टिपणं तीन दिवस माझ्या खणात पडून राहिली. वेळ झाला नाही, असं मी तिला दोनदा सांगितलं. शुक्रवारी दुपारी तिला समोर बसवलं आणि जे वर लिहिलंय ते सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "आई घरी कधीच काही बोलली नाही. आम्हाला वाटायचं, तिला जमलं नाही म्हणून तिनं सोडलं." मग टिपणं उचलून गेली. मला वाटलं, गेली ती गेलीच.

काल सुट्टी असून घरी आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. डोळे सुजलेले. म्हणाली, उदाहरण दुरुस्त केलंय. मग विचारलं, "तुमचं नाव घालू, की 'एका प्रोग्रामर बाईंनी' असं लिहू?"

"नाव घाल," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. जिना उतरताना मात्र मागे वळून विचारलं, गुरुवारी तुम्ही येणार ना. मी येणार आहे. मुलांपुढे मीच बोलेन, तिला बोलावं लागू नये.

हे सगळं तुला न विचारता करतेय. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी आनंदानं ऐकलं असतं.

सोबत दुरुस्तीच्या नोंदीच्या प्रती आहेत. मूळ कागद उद्या सकाळी आताच्या साहेबांच्या टेबलावर जाईल. त्यात एवढंच आहे की ओळ तुझी होती, दोष माझ्या प्रॉपर्टीचा होता, आणि तू तो त्याच दिवशी शोधून दुरुस्त केलास. एक प्रत भावोजींना दे, त्यांनीही तुला कधीतरी काहीतरी ऐकवलं असेल. एक लॅबवाल्या काकूंच्या मुलीला पोस्टानं पाठव, पत्ता मागे लिहिला आहे; आपण मोठी अक्षरं मागितली म्हणून ते झालं, असं काकू शेवटपर्यंत म्हणत होत्या. तिसरी तुझी. ठेव, फाड, तुझी मर्जी. ठकीसाठी वेगळी पाठवलेली नाही. तिला जे द्यायचं होतं ते मी समोर बसून दिलंय.

या महिन्याअखेरी मी निवृत्त होतेय. तू म्हणशील तरच तुझ्याकडे येईन.

तुझीच,
त्या दुपारी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलेली
धाकटी