महेशच्या श्राद्धाला तोरण

केज, २१ एप्रिल

आज माझ्या लेकाचं, महेशचं वर्षश्राद्ध. टँकर आलाच नाही, दूध सोसायटीतून कॅनभर पाणी आणून स्वयंपाक झाला. फोटोसाठी झेंडूचा हार आणला होता, पण घालायला हात उठेना.

पंगत बसली आणि माझ्या धाकट्या लेकीचा, वैशालीचा रिपोर्ट आला. रक्ताच्या कॅन्सरसाठी किरणं देऊन पोरीच्या हाडांतला मगज जाळला होता. मग महेशने, तिच्या थोरल्या भावाने, आपल्या मूळपेशी दिल्या. थोड्याच दिवसांत तो मांजरसुंब्याच्या फाट्यावर अपघातात गेला. त्याच्या पेशी तिच्यात टिकतील का? वर्षभर हाच घोर. टिकल्या! तिचं सगळं रक्त आता त्याच पेशी तयार करतात. रक्तगटसुद्धा महेशचाच. रोगाचा मागमूस नाही.

मी पुन्हा हार उचलला तर वैशाली हसत म्हणाली, "आबा, हार कावून? दादा हाय की माझ्यात. रोज नवं रक्त बनवतोय."

माझी बहीण आक्का डोळे पुसत चिडली, "श्राद्धाला हसतीस व्हय गं?"

मी हाराची गाठ सोडली आणि दाराला त्याचंच तोरण बांधलं. श्राद्धाच्या दिवशी कोणी तोरण बांधतं का? मी बांधलं.