पायाला कळणारी पायरी

शनिवार, तालमीवरून आल्यावर

मन थाऱ्यावर नाही. या नाटकाचा सेट मी अंधाराच्या भरवशावर उभा केलाय. काळा पडदा, काळ्या तीन पायऱ्या, म्हाताऱ्या बापाला मातकट धोतर आणि वरून एकच दिवा. बापाचं काम करणारे दत्ताकाका पेडगावचे निवृत्त शिक्षक. आज ते मधल्या पायरीवरून पडले. उठवलं तर म्हणाले, "उजेड लय कमी केलास की गं."

तेव्हा हॉलमधले सगळे दिवे चालू होते.

बाकीचे चहाला गेल्यावर मी विचारलं. म्हणाले, "डोळे चाललेत. डॉक्टरनं हात टेकले. कुणाला बोलू नको, एवढं नाटक होऊ दे." पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगवू का, म्हटलं. "रंग काय कामाचा? पायाला कळंल असं काही लाव."

मग प्रत्येक कडेला सुतळी ठोकली. काका अनवाणी चढले, उतरले. हे लपवतेय ते बरोबर आहे का? पुन्हा पडले तर? पायऱ्याच काढल्या तर दिग्दर्शक कारण विचारणार.

चहानंतर तालीम पुन्हा सुरू झाली. शेवटचं भाषण त्यांनी जीव ओतून म्हटलं, पण प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे पाठ करून, काळ्या पडद्याला. मी हाक मारणार इतक्यात दिग्दर्शक टाळ्या वाजवत उठला. "असंच ठेवा काका. पाठच बोलायलीय तुमची."

काका त्याच्या आवाजाकडे वळले. आपण कुठं तोंड करून उभे होतो, ते त्यांना तेव्हा कळलं.

"बरं," म्हणाले, "असंच ठेवतो."