अर्जुनरावांची ओळख

साखरखेर्डा, जि. बुलढाणा
९ फेब्रुवारी १९७१

तीर्थरूप मामांना,

स्नेहलताचा नमस्कार. (मुलींनी साष्टांग घालू नये असं आजी म्हणायची, म्हणून नुसता वाकून केलेला.) मामींनाही सांगावा. तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि मोरीतला नळ यांपैकी काय काय दुरुस्त झालं ते कळवावं. मी बरी आहे. इथलं पाणी मचूळ आहे, पण ते तपासायची नोकरी माझीच असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हे ठरत नाही.

आईची प्रकृती "ठीक आहे, काळजी नसावी" हे तुमचं वाक्य पोहोचलं. मागच्या पत्रातही तेच होतं आणि त्याच्या मागच्यातही, स्वल्पविरामासकट. (प्रयोगशाळेत वेगवेगळ्या नमुन्यांचा आकडा सारखाच यायला लागला की आम्ही आधी उपकरण तपासतो.) असो. आईला पडून पडून कंटाळा येतो, तिला काहीतरी गमतीचं लिहून पाठव, असं तुम्ही लिहिलंत. गमतीचं लिहिणं हा माझा विषय नव्हे, हे तुम्हाला माहीत आहे. पण इथे नुकताच एक प्रकार घडला. त्यातल्या काही भागाला लोक हसताना मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून तोच लिहिते.

आमच्या पाण्याच्या योजनेला बोअर घ्यायचं एक मशीन नॉर्वे देशाकडून देणगी म्हणून मिळालं आहे, आणि मशीनबरोबर ते चालवणारे गृहस्थ. त्यांचं नाव आर्ने. (तुम्ही विचारण्याआधीच सांगते: वय पंचावन्नच्या पुढे, विधुर, आणि माझ्याशी बोलतात ते फक्त क्षारांबद्दल.) गावाने त्यांना आल्या आल्या अर्जुनराव करून टाकलं. मनकर्णाबाई नावाच्या बाईंच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्याने घेतली आहे. उंच, उन्हाने विटेसारखे लाल झालेले, छातीपर्यंत पिवळी दाढी; असा माणूस इथून जालन्यापर्यंत दुसरा नाही. लग्न असो, बारसं असो, अर्जुनरावांना बोलावणं असतंच. म्हशीसुद्धा आता त्यांना बघून बुजत नाहीत.

त्यांना मराठी येतं, आणि अडचण तिथेच आहे. ते पुण्यात एका शास्त्रीबुवांकडून शिकले, त्यामुळे त्यांचं बोलणं सरकारी आमंत्रणपत्रिकेसारखं असतं. "कृपया मला पाण्याची घागर उपलब्ध करून द्यावी" असं ते मनकर्णाबाईंना म्हणतात आणि मनकर्णाबाई माझ्याकडे बघतात. "बाई, थे काय म्हणून राह्यले?" मग मी सांगते, "घागर मागून राहिलेत." त्या जे उत्तर देतात ते मी पुन्हा पुस्तकी मराठीत करून अर्जुनरावांना देते. मराठीतून मराठीत दुभाष्याचं हे काम मी गेलं वर्षभर करते आहे. त्याचा भत्ता नाही. माझं बोलणंही इथे पुण्याचंच ठरतं, आणि दुकानात मी साखर मागितली की दुकानदार आधी थोडा सावरून बसतो.

नाताळानंतर अर्जुनरावांना बहिणीची तार आली: आई अत्यवस्थ, लगेच ये. आई पंच्याऐंशीच्या घरात. विमानाच्या तिकिटाचे पैसे बहिणीने बँकेमार्फत पाठवले आणि ते इथल्या शाखेत वेळेवर आले. इथपर्यंत सगळं जगाच्या पाठीवर कुठेही व्हावं तसं झालं. (आगाऊ रकमेसाठी आम्ही आमच्या ऑफिसलाही अर्ज केला होता. फाइल बुलढाण्याला गेली आहे. ती तिथे सुखरूप आहे.)

बँकेचं नाव लिहीत नाही, कारण माझंही खातं तिथेच आहे. ती एका आडत्याच्या जुन्या कापसाच्या खोलीत भरते आणि अजूनही सरकीचा वास मारते. मॅनेजर नीळकंठराव हे अकोल्याकडचे, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला, पैसे आल्याचं अभिनंदनही केलं. फक्त पैसे दिले नाहीत. नियम असा की अनोळखी माणसाला एवढी रक्कम देताना एकतर पासपोर्टवरचा फोटो जुळला पाहिजे, नाहीतर एखाद्या जुन्या खातेदाराने लेखी ओळख दिली पाहिजे. पासपोर्ट त्यांनी उघडला. फोटोत एक गोरे, गुळगुळीत हनुवटीचे सद्गृहस्थ होते. समोर लाल आणि दाढीवाले.

"बाई, हे थे नोहेत," नीळकंठराव हळू आवाजात मला म्हणाले, जणू मला कोणी फसवू नये.

मी कान दाखवले. माणसाचा कान बदलत नाही, पाळीची ठेवण तीच राहते, हे त्यांना पटवायला मी फोटोवर पेन्सिलीने रेघा मारू लागले तेव्हा त्यांनी पासपोर्ट काढून घेतला. फोटोत दोन्ही कान दिसत होते, ही गोष्ट मला तेव्हा फार निर्णायक वाटली होती. अर्जुनराव म्हणाले, "माझी माता मृत्युशय्येवर आहे, तरी आपण त्वरा करावी अशी नम्र विनंती." नीळकंठरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांची माय लई बिमार आहे." तेव्हा त्यांचे डोळे खरोखर भरून आले, आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

मग मी ओळख देते म्हटलं. ते चालणार नव्हतं. एका ऑफिसातल्या माणसांनी एकमेकांची ओळख द्यायची नाही. शिवाय, नीळकंठराव अजिजीने म्हणाले, "तुमचंच खातं बुलढाण्याच्या साहेबाच्या ओळखीवर उघडेल हाय, बाई. तुम्ही तरी इथल्या कुठं हाय?"

तेव्हा आम्ही हिंमतरावांकडे गेलो. हे गावातले मोठे जमीनदार, बँकेतलं पहिलं खातं त्यांचं. अर्जुनरावांवर त्यांचा फार जीव. अर्जुनरावांनीच त्यांच्या मळ्यात गोडं पाणी काढून दिलं. हिंमतरावांनी ताटं मांडायला सांगितली, तूप वाढलं, त्या माउलीला बरं वाटावं म्हणून देवापुढे नारळ ठेवला आणि सहीचा विषय निघाल्यावर पायात जोडे घातले. त्यांनी एकदा स्वतःच्या साडूची ओळख दिली होती. साडू कर्जाचं इंजिन घेऊन परभणीकडे निघून गेला आणि बँकेची नोटीस हिंमतरावांच्या दारावर लागली, तीही मुलीच्या सोयरिकीच्या दिवशी. तेव्हापासून ओळख म्हणजे जामीन, असं त्यांच्या मनाने घेतलं आहे.

"अर्जुनराव, जेवाले रोज या, जीव मांगा," ते म्हणाले. "सही नका मांगू भाऊ."

साडूचं सगळ्या गावाला माहीत होतं. त्यामुळे ज्यांच्या ज्यांच्याकडे आम्ही गेलो त्या प्रत्येकाने चहा पाजला आणि अर्जुनरावांच्या पाठीवर हात ठेवला. बँकेतही आम्ही जात राहिलो. दर वेळी नीळकंठराव उठून उभे राहत आणि "काही जमलं का?" असं आम्हालाच विचारत. वाईट वागले असते तर भांडता आलं असतं.

एका सकाळी आम्ही अमडापूरच्या रस्त्याला बोअरवर होतो. पोस्टमन सायकलवरून लांबूनच ओरडत आला, "अर्जुनराव, तार!" त्याने पासपोर्ट मागितला नाही. फोटो पाहिला नाही. ओळख कोण देतो हे विचारलं नाही. चिखलातून थेट जाऊन तार त्यांच्या हातात दिली आणि टोपी काढून उभा राहिला. अर्जुनरावांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि अर्धवट उतरलेला पाइप शेवटपर्यंत खाली उतरवला, कारण तो मधेच सोडला तर भोक निकामी होतं. मग मशीन बंद केलं. मी पाण्याचा नमुना घेतला. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

त्या दिवशी मनकर्णाबाईंनी चूल पेटवली नाही. परदेशातलं सुतक घरमालकिणीला लागतं का, यावर पारावर मतभेद झाले, पण बाईंनी कुणाला विचारलंच नव्हतं. आळीतून पिठलं-भाकरी आली. सगळं गाव येऊन ओटीवर बसलं. संध्याकाळी नीळकंठराव आले, हातात घरचा डबा घेऊन. ते अर्जुनरावांशेजारी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "अर्जुनराव, माही माय गेली तवा मी बी ड्यूटीवर होतो." हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. निघताना मी त्यांना दारात गाठून विचारलं, की आपण आत्ता कुणाला भेटायला आला होतात. मला वाटतं मी ते शांतपणे विचारलं. त्यांनी डब्याचं झाकण दोनदा लावलं.

"बाई, घरी मी नीळकंठ हाय," ते म्हणाले. "तिथं खुर्ची हाय."

दहाव्या दिवशी मनकर्णाबाई म्हणाल्या, माय गेली तर लेकाने केस काढावे लागतात. अर्जुनराव धर्माने ख्रिस्ती आहेत हे मी सांगून पाहिलं. "त्याले का माय नसते?" असा बाईंचा प्रश्न. अर्जुनराव म्हणाले, "मी सिद्ध आहे." ओढ्याकाठी न्हाव्याने आधी डोकं केलं आणि मग दाढी. दाढीखालची हनुवटी निघाली तीच मुळी पांढरी, गुळगुळीत, फोटोतली. हिंमतरावांनी स्वतःची टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि ते मोठ्याने रडू लागले. कशासाठी ते मी विचारलं नाही.

तुमच्या लक्षात आलं असेल. आम्ही तसेच बँकेसमोरून परत येत होतो, तर नीळकंठराव पायरीवर उभे होते. ते बघत राहिले. मग आत गेले आणि बाहेर येऊन त्यांनी अर्जुनरावांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. पासपोर्ट मागवला, चेहऱ्याशेजारी धरला, टोपी जरा मागे सरकवली. "हां," ते म्हणाले, "आता बराबर हायेत." आणि पैसे दिले. चहा व्हायच्या आत. म्हणजे काम चार आण्यांचं होतं, आणि न्हावी बँकेच्या समोरच बसतो. हे मॅनेजरला सुचलं नाही, गावाला सुचलं नाही, आणि नमुने जुळवायचाच पगार घेणाऱ्या मला कान सुचले.

याच भागाला लोक हसतात. आता बाजारच्या दिवशी पार बीबी गावापर्यंत हा किस्सा सांगितला जातो, आणि अर्जुनराव समोर असले तर तेही हसतात. तेरावं त्यांनी त्याच पैशांतून घातलं. गावजेवण झालं, नॉर्वेतल्या एका म्हातारीच्या नावाने साखरखेर्ड्यात वरण आणि बट्ट्या वाढल्या गेल्या, आणि पहिला घास त्यांनी कावळ्यासाठी ठेवला तेव्हा कावळा लगेच आला. (हे मी निरीक्षण म्हणून लिहिते, निष्कर्ष म्हणून नव्हे.) उरलेल्या पैशांचं त्यांनी खातं काढलं. नीळकंठरावांनी काळजीने सल्ला दिला आहे, की काढायचे असतील तर दाढी वाढायच्या आत काढा.

बाकी सर्व ठीक, काळजी नसावी. (वाक्य तुमचंच आहे.)

तुमची भाची,
स्नेहलता

ता. क. मामा, आई पूर्वी तुमच्या पत्राच्या कडेला दोन ओळी स्वतः लिहायची. अक्षर वाकडं असायचं, पण असायचं. गेल्या तीन पत्रांची कड कोरी आहे. जे असेल ते मला तारेने कळवा. तारेला इथे ओळख लागत नाही.

ता. क. दुसरा. तार करू नका. वरचं सगळं मी टेबलावर ठेवून नमुने आणायला गेले होते. अर्जुनराव काही कामाने आले आणि त्यांनी ते वाचलं. (त्यांना लिहिलेलं मराठी सगळं समजतं, हे मी विसरले होते.) त्यांनी फक्त पहिला ताजा कलम बोटाने दाखवला आणि बाहेर जाऊन जीप काढली. रजेचा अर्ज त्यांच्याच हाती ऑफिसात जाईल; मंजूर होईल तेव्हा होईल. उद्या पहाटे ते मला जालन्याला आगगाडीवर सोडत आहेत.

ता. क. तिसरा आणि खरा. पत्र माझ्याआधी पोहोचलं तर आईला ते मोठ्याने वाचून दाखवा, पण पोस्टमन सायकलवरून येतो त्याच्या आधी थांबा. पुढचं तुम्ही तोंडाने सांगा. न्हाव्याचं सुचलं, दाढी काढली, पैसे मिळाले, तो वेळेवर पोहोचला आणि स्वतःच्या आईला भेटला, असं सांगा. माझ्या आईला खोटं लगेच कळतं, म्हणून ती विचारील, की इतकी वर्षं वाढवलेली दाढी त्याने अशी चटकन कशी काढू दिली. म्हणा, त्याच्या आईला ती पहिल्यापासून आवडत नव्हती. एवढं मात्र खरं आहे. ओढ्यावरून येताना त्यांनीच मला सांगितलं.