कव्हरवरची बाई

कटंगी,
१२ एप्रिल २००४

प्रिय गजेंद्र,

तुझं खोकं पोचलं. मी गायलेल्या हळदीच्या गाण्यांच्या पाचशे सीड्या, पाचशे डब्या अन् कव्हरांचा गठ्ठा. शेजारची दुर्गाबाई अन् मी तीन दिवसांपासून ओसरीत बसून कव्हरं रेघेवर दुमडून डब्यांत घालून राह्यलो. मागच्या बाजूची गाण्यांची नावं मी चौथीच्या जोरावर वाचली. बरोबर आहेत.

पुढची बाजू पाहून हात थांबला. फोटो माझाच, तू दिवाळीत अंगणात काढलेला. पण कपाळावर रुपयाएवढं कुंकू. माझं राखाडी लुगडं हिरवंगार. उजव्या हातात हिरवा चुडा अन् डावा हात तसाच भुंडा. कॉम्प्युटरवर बसून विसरलास, का कंटाळलास? दुर्गाबाईनं कव्हर डोळ्याजवळ धरलं अन् म्हणाली, "कमला, तेजराम वापस आला का वं?" मी हसली. मग दोघी पुढची कव्हरं दुमडत बसलो.

तुझा बाप गेल्याले चौदा वर्षं झाली. तेव्हापासून लोकांच्या हळदीत मी मांडवामागं, चुलीजवळ बसून गाते. गाणी मलेच येतात म्हणून बोलावतात, अन् कपाळ दिसू नये म्हणून मागं बसवतात. तुले काय सांगू, तूच तिथं माझ्या मांडीवर डोकं टेकून झोपायचास. मले वाटलं होतं, पोरगा फोटो काढतो म्हणजे एकदाची पुढं येईन. विधवेच्या फोटोची हळदीची सीडी कोणी घेत नसेल, हौ, खरं असेल. मग फोटो काहून काढलास? फुलं छापायची होती. नाहीतर मले विचारायचं होतं. तू फक्त म्हणालास, आई, सरळ कॅमेऱ्याकडं पाय.

हे सारं मी गिळलं असतं. पण काल तुझा निरोप आला. पुढच्या महिन्यात तुझ्या हळदीले मी जरा मागंच बसावं, मुलीकडचे लोक मनावर घेतात म्हणून. फोनवर बोलली असती, पण बूथवर रांग असते अन् मले ओरडायचं होतं. म्हणून लिहून राह्यली. मी येईन. कपाळ असंच, दोन्ही हात असेच. सगळ्यांच्या पुढं बसेन अन् तुझी हळद होईपर्यंत गाईन. चालत नसेल तर सीडी लाव, अन् त्या कव्हरवरच्या बाईले बसव समोर. तिचा डावा हात तेवढा झाकून ठेव.

तुझीच, कव्हरवर नसलेली,
आई