दोरा संपलेलं मशीन

चिमे,

"आईला काही सांगायला जावं, तर ती लगेच ताट वाढते," अशी कुरकुर तू मोबाइलमधल्या त्या चॅटबॉटपाशी करत होतीस. खरंय गं. माझं शिलाई मशीन चालू असलं की मला ऐकू येत नाही, असं तुला वाटतं. मला त्या खडखडाटातही सगळं ऐकू येतं. आज दोरा संपला, तरी मी पाय थांबवला नाही. थांबले असते, तर तू गप्प झाली असतीस.

तू त्याला म्हणालीस, "आता सगळंच नकोसं झालंय." तो चॅटबॉट म्हणाला, "हे आईला सांग." तू म्हणालीस, "ती घाबरेल."

घाबरलेच आहे. अक्षर बघ कसं वेडंवाकडं आलंय. चिठ्ठी दाराखालून सरकवून इथंच, तुझ्या दाराबाहेर बसलेय. ताट वाढणार नाही.

तुला मरावंसं वाटतंय का, राणी? मला सांग.

आई